वेग पाळणारे आबा

लोणावळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि मी कुसगावात जागा बघायला गेले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गच्ची, खाली घरमालक नवरा-बायको, भाडं परवडणारं. अडचण एवढीच होती की जिन्यापर्यंत पोचता येत नव्हतं. अंगणात जिन्याला आडवी एक बोट उभी होती. होडी नव्हे, बोट. पांढरीशुभ्र, टोकदार नाकाची, मागे माझ्या खांद्याला लागेल एवढं काळं इंजिन, आणि सगळं प्रकरण एका लोखंडी ट्रेलरवर चढवलेलं. समुद्र तिथून घाट उतरून तीन तासांवर. मी इकडेतिकडे बघितलं, तर टोपी-सदऱ्यातले एक उंच, काटक गृहस्थ फडक्याने तिचं पोट पुसत होते. म्हणाले, "वाकून या बाई. डोकं आपटंल तिला."

माझ्या डोक्याची काळजी नव्हती, तिची होती. मी वाकून गेले आणि जागा घेतली.

हेच घरमालक; त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही म्हणू लागले. आबांच्या जमिनीचा एक तुकडा बंगलेवाल्यांना गेला होता. त्या भागात हे बऱ्याच जणांचं झालं. कुणी मोठ्या गाड्या घेतल्या, कुणी तळेगावात फ्लॅट, कुणी गळ्यात जाडजूड साखळ्या. आबांनी दोनशे घोड्यांचं इंजिन घेतलं. गावाने त्यांना वेड्यात काढलं. रस्त्याने जाणारा ओळखीचा माणूस हटकून विचारायचा, "काय आबा, पूर येनार हाय का?" आबा न चुकता उत्तर द्यायचे, "आला की तुला घेनार न्हाई."

पण हे वेड मुळात बोटीचं नव्हतंच. आबा बैलगाड्याच्या शर्यतीतले. आमच्या पुण्याकडच्या लोकांना बैलगाडा म्हटलं की कुणीतरी वर बसून आसूड ओढतोय असं वाटतं. मावळातली तऱ्हा वेगळी आहे. तिथे गाड्यावर माणूसच नसतो. चार बैल जुंपायचे, पुढे घोडी पळवायची, आणि चढणीचा आखीव रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात, तो बैलांनी आपापला चढून जायचा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच खेळ संपतो. त्या एवढ्याशासाठी वर्षभर बैलांना दूध, अंडी, उडदाचं पीठ. आबांच्या दावणीचे बैल एके काळी नावाजलेले होते. मग शर्यतींवर बंदी आली. बाकीच्यांनी बैल विकले, आबांनी विकले नाहीत. ते दावणीलाच म्हातारे झाले आणि एकेक करून गेले. गोठा रिकामा पडला.

त्यानंतर कुठल्याशा लग्नाला आबा खाली कोकणात गेले. खाडीवर हात धुवायला उतरले आणि समोरून कुणाची तरी स्पीडबोट गेली. लग्नाची पंगत उठली, वऱ्हाड परतलं, आबा जेट्टीवरच बसून. ती परत जाते का बघत होते. वर्षभराच्या आत त्यांनी कंटाळलेल्या एका मुंबईकराकडून ही बोट उचलली.

सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की पवनेच्या धरणात पळवू. चौकशी केल्यावर कळलं की तसं कुणीही उठून धरणाच्या पाण्यात एवढं मोठं इंजिन घालू शकत नाही. म्हणजे दर खेपेला घाट उतरणं आलं. शिवाय या बोटींची नोंदणी वेगळ्या खात्यात, लायसन्स वेगळं, विमा वेगळा, आग विझवायचं नळकांडं आणि माणशी एक लाइफ जॅकेट सक्तीचं. आबांनी सगळं केलं. लायसन्ससाठी पोहून दाखवायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून विहिरीत सराव केला, टोपी घालून. टोलनाक्यावर दर वेळी नवा तमाशा. तिथला माणूस बाहेर येऊन ट्रेलरभोवती फिरायचा. ही कशात धरायची, ट्रकात की मोटारीत? आबा खिडकीतून शांतपणे सांगायचे, "वऱ्हाडात धरा. नवरी हाय."

बोट "चालवली" असं ते कधी म्हणाले नाहीत, "पळवली" म्हणायचे. कुणी विचारलं की लिटरला किती देते, तर त्यांचा चेहरा बदलायचा. "बैलाला असं इचारत्यात का?" खरं तर बोट ट्रॅक्टरच्या वरताण प्यायची. ट्रेलरच्या मागे लावलेले डबे बघूनच मला घेरी यायची. पण आबांचा हिशोब जुना होता. खायला वर्षभर घालायचं आणि पळताना एकदा बघायचं, यात त्यांना काही चुकतंय असं वाटतच नव्हतं.

आणि सेवा! खाऱ्या पाण्यातून आलेल्या इंजिनाच्या आत मीठ धरतं, म्हणून घरी आल्याबरोबर त्याला गोडं पाणी पाजावं लागतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना रबरी वाट्या बसवायच्या, त्यांना नळी जोडायची, आणि इंजिन चालू ठेवून पाणी आतून फिरवायचं. "दमून आलेल्या जनावराला आदी पानी," असं म्हणत आबा तास-तासभर नळी धरून उभे. गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची, ती माझीही होती. रविवारी संध्याकाळी केसाला साबण लावून नळाखाली बसलेली मी वरून ओरडायचे, "आबा, पाणी!" खालून उत्तर यायचं, "तिचं झालंच बाई!" पुढे मी शनिवारीच केस धुवायला लागले.

इंजिनाचं इंग्रजी पुस्तक मला ओट्यावर बसून वाचून दाखवावं लागे आणि लगेच मराठीत सांगावं लागे. आबांना त्यातली दोन पानं फार आवडायची. एक, नवीन इंजिन सुरुवातीचे काही तास ओढायचं नाही, हळूहळू तयार करायचं. "खोंडाचं बी तेच," ते म्हणायचे. दुसरं, चालवणाऱ्याने मनगटाला लाल दोरी अडकवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. हे ऐकून आबा बराच वेळ हसत होते. "म्हंजी येसन तिला न्हाई, मला घातलीया." ते पान त्यांनी कितीदा वाचायला लावलं असेल! मी घाईत उरकायला गेले तर म्हणायचे, "नीट वाचा. वर्गात असंच वाचता का?"

पोळ्याला बोटीच्या नाकाला गोंडे बांधले जात आणि स्टिअरिंगला हळदकुंकू. पुरणपोळीचा नैवेद्य मात्र आबा स्वतःच खायचे, बोटीच्या वतीने.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. औंढ्याची माहेरवाशीण, ठेंगणी, हात सदा कामात. बैलांचा खुराक उभ्या जन्मात तिनेच केला होता. अंडी फोडायची, पीठ कालवायचं, गोळे करून एकेकाच्या तोंडात घालायचे. आणि एवढं करून तिने ते बैल पळताना एकदाही बघितले नव्हते. तेव्हा बायका शर्यतीच्या घाटात जात नसत. कुणी हाकलून देत होतं असं नाही, पण जायचं नाही हे ठरलेलं होतं आणि आबांनीही कधी चल म्हटलं नव्हतं.

आता मात्र ते तिच्या मागे लागायचे. दर खेपेला ट्रेलर जोडून झाला की स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून म्हणायचे, "चल की गं एकदा. बस निस्ती." मावशी भाकरी थापता थापता मान वर न करता एकच वाक्य बोलायची. "बैलं पळत व्हती तवा न्हाई नेलं. आता बोटीत बसवून काय करताय?" आबा टोपी सारखी करून गाडीत बसायचे. बोट घेऊन आबांनी सगळं मिळवलं होतं, फक्त मावशी तिच्यात बसत नव्हती, आणि ती बसत नाही तोवर त्यांच्या लेखी बोट अर्धीच होती. हे मला कळत होतं, मावशीलाही कळत होतं.

तिच्या जागी बहुतेक वेळा मीच जायचे. मला पोहता येत नाही आणि घाटात गाडी लागते. पहिल्या खेपेला खोपोली येईपर्यंतच मी अर्धी झाले होते. खाडीवर उतारावरून ट्रेलर मागे मागे पाण्यात घालायचा आणि बोट सोडायची, हे काम आबा इतक्या हळुवारपणे करायचे की बघत राहावं. लाइफ जॅकेट सदऱ्यावर, टोपी उडू नये म्हणून वरून मफलर आणि हनुवटीखाली गाठ. मग मोकळ्या पाण्यात आले की म्हणायचे, "धरा."

त्यांनी हँडल पुढे लोटलं आणि बोटीने नाक एवढं वर केलं की समोर फक्त आभाळ. आता ही उलटते असं मला वाटलं. तेवढ्यात ती पुढून खाली बसली आणि एकदम हलकी झाली. पाण्यातून जाणं संपलं, पाण्यावरून जाणं सुरू झालं. आबा ओरडले, "चढली! चढली बगा!" मी जे खाल्लं होतं ते सगळं खाडीला दिलं, पण तरी खरं सांगते, असा मोकळेपणा मला त्याआधी कधी वाटला नव्हता. डोक्यातली वेळापत्रकं, तपासायच्या वह्या, सगळं मागे पाण्यात पडलं. काठावर उतरल्या उतरल्या मी विचारत होते, पुन्हा कधी जायचं?

पुढे शर्यतींवरची बंदी उठली. लोक आबांकडे आले. आबा, बैल आणा, तुमच्या नावाचा गाडा पाहिजे. आबांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला नवल वाटलं. मी विचारलं तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, "बाई, गाडा सुटला की मालक कडंला असतो. बैलाला मी पोसलं, पन पळायचा तो. मी लांबून वरडायचो. उभ्या जल्मात येग पाळला, पन त्यात बसलो कवा? ह्या बोटीत बसलो. आता पुन्हा कडंला उभं ऱ्हायचं म्हंजी नगं वाटतं." मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आदर वाटला. साठीनंतर आपल्याला नक्की काय हवं होतं हे शोधून काढणारी आणि ते लाज न धरता करणारी माणसं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तरी पाहिली नाहीत.

मग तो आषाढ आला. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात व्हायचं होतं, म्हणून ते मुलीकडे जाऊन राहिले. जाताना त्यांनी बोटीवर ताडपत्री बांधली. अशा बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट पाण्यात घालायची तेव्हा त्याला पितळी बूच घट्ट लावतात. जमिनीवर असली की ते काढून ठेवतात, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी वाहून जातं. लोणावळ्याच्या पावसात तर ते उघडं हवंच. आबांनी ते उघडं ठेवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं, कारण बोटीचं सगळं ते स्वतःच करायचे.

मावशीने एके दिवशी बघितलं की एक धामण त्या भोकाशी घुटमळतेय. तिने काठी आपटून तिला पिटाळलं, बोटीत ठेवलेलं बूच शोधून काढलं आणि भोकाला पक्कं आवळून लावलं. त्याच रात्री वाऱ्याने ताडपत्री फाटली. पाऊस म्हणजे आमच्याकडचा पाऊस, तो मग थांबलाच नाही. घरात कपडे वाळत नव्हते, भिंतींना बुरशी धरली होती, बोटीकडे कोण बघतंय? एका सकाळी अंगणातून कडाडून आवाज आला. गच्चीवरून खाली बघितलं तर बोट काठोकाठ भरलेली, गाद्या वर तरंगतायत, आणि त्या पाण्याच्या वजनाने ट्रेलरचा आस मोडून सगळं एका अंगाला बसलेलं. समुद्रात कधी न बुडलेली बोट कुसगावच्या अंगणात बुडाली होती.

मावशीने दोन दिवस धड अन्न खाल्लं नाही. मला म्हणाली, "आता त्यास्नी काय सांगू गं? बैल मेला तवा बी माणूस जेवढं खचलं न्हवतं, तेवढं आता खचंल." मीही घाबरले होते. आबा आले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. फाटकाशी चार माणसं मजा बघायला जमलेली. आबांनी एका डोळ्याने सगळं बघितलं, मागे जाऊन बसले आणि बूच फिरवून काढलं. धो धो पाणी सुटलं, अंगणातून थेट रस्त्यावर गेलं, आणि बराच वेळ जातच राहिलं.

"बूच कुनी लावलं?"

मावशी दारातून म्हणाली, "मी. धामीन शिरत व्हती. म्हटलं, बोटीला काय व्हायला नगं."

आबा उठले, ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा तो एक डोळा चमकत होता. "बाई, ऐकलं न्हवं? बोटीला काय व्हायला नगं, म्हनली." मग फाटकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "बोटीला काय व्हायला नगं, म्हनली ती!" नुकसान केवढं झालंय याची त्यांना पर्वाच नव्हती. थोड्या वेळाने ते मावशीला हळू म्हणाले, "चूक तुजी न्हाई. भोक कशाला असतंय ते मी तुला सांगितलंच न्हाई कंदी." आणि हाताला धरून तिला बोटीपाशी नेऊन त्यांनी पहिल्यांदाच एकेक गोष्ट दाखवली. बूच, इंजिन, गोड्या पाण्याची नळी, लाल दोरी. मावशीने एवढे प्रश्न विचारले की आबा दमले.

दुरुस्तीला पुढचे कित्येक महिने गेले. आस नवा घातला, वायरी बदलल्या. भिजलेल्या गाद्या मावशीने उन्हात वाळवल्या आणि त्यांना नवी कव्हरं शिवली, बैलांच्या जुन्या झुलींची. लाल-हिरव्या झुलींच्या गाद्या घातलेली स्पीडबोट मी तरी दुसरी पाहिली नाही. थंडी पडली आणि आबांनी पुन्हा ट्रेलर जोडला. सवयीने दाराशी जाऊन म्हणाले, "चल की गं." मावशी पदर खोचून बाहेरच आली. "कवरं नीट बसल्यात का बगायला येते," म्हणाली. आबांनी लगबगीने गाडीचं दार उघडलं. घाट उतरताना मात्र ते इतके हळू चालले होते की मागचे ट्रकवाले शिव्या देत होते.

खाडीवर मावशीने साडीवरून लाइफ जॅकेट घातलं, पदर कमरेला आवळला आणि आबांच्या शेजारी बसली. मी मागे, दांडा धरून. आबांनी हँडल लोटलं. नाक वर आलं, मावशीने डोळे मिटले, मग बोट खाली बसली आणि सुटली. या वेळी आबा "चढली" असं ओरडले नाहीत. ते पाण्याकडे बघतच नव्हते, मावशीच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मलाच ओरडावं लागलं, "आबा, पुढे बघा!" मावशीने डोळे उघडले होते आणि ती ताठ बसून समोर बघत होती.

बऱ्याच लांब गेल्यावर आबांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मावशी म्हणाली, "आपली बैलं अशी पळायची?"

"ह्याच्याहून भारी," आबा म्हणाले.

मावशी हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग घरी येऊन सांगायचं तरी. गुलाल लावून यायचं, जेवायचं आन झोपायचं. मी भांडी घासत वाट बगायची. आता सांगत्याल, मंग सांगत्याल."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी दुसरीकडे बघू लागले. तिकडे काठावरचा चिखल उघडा पडायला लागला होता. ओहोटी लागली होती. पाणी उतरायच्या आत बोट ट्रेलरवर चढवली नाही, तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच अडकून बसावं लागतं. हे आबांनाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्यांनी काठाकडे बघितलंही. मग मफलरची गाठ सोडली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पयला आपला तांबडा. तुज्या बापानं दिलेला."

"तांबडा मला ठावं हाय," मावशी म्हणाली. "तो पळायचा कसा, त्ये सांगा."

आबा सांगू लागले. बोट चिखलाला टेकली तेव्हा ते दुसऱ्या बैलावर आले होते, आणि मावशी त्यांना थांबू देत नव्हती.